वायर म्हणजे वायर नसते!

चार गिटारवाले एका खोलीत बसले की तासाभरात दोन विषय निघतातच. पहिला, ड्रमर अजून का आला नाही. दुसरा, केबलने टोन बदलतो की नाही. पहिल्या विषयावर सगळ्यांचं एकमत असतं. दुसऱ्यावर हमखास दोन तट पडतात आणि चहा गार होईपर्यंत भांडण चालतं.

एका बाजूला भक्तमंडळी. त्यांच्या मते केबलला आत्मा असतो. खास परदेशी तांबं, जॅकला सोन्याचा मुलामा, वरून कापडी विणकाम, सिग्नल कुठून कुठे जातो ते दाखवणारा बाण, आणि किंमत अशी की ऐकून घरचे हाय खातील. ही केबल जोडली की टोन 'ऑरगॅनिक' होतो म्हणे. म्हणजे नक्की काय होतं, ते विचारायचं नाही.

दुसऱ्या बाजूला आपण. म्हणजे इंजिनिअर लोक. आपलं ठरलेलं वाक्य: "अरे, वायर ती वायर! तांबं ते तांबं! सिग्नल जातोय ना, झालं तर मग." आणि त्यावर ते आपलं खास कुत्सित हसू.

माझं म्हणणं असं आहे की केबलने इलेक्ट्रिक गिटारचा टोन बदलतो. कानाला स्पष्ट कळेल इतका बदलू शकतो. पण तो मुख्यतः एकाच कारणाने बदलतो, ते कारण एका आकड्यात मावतं, आणि तो आकडा दुकानातल्या बहुतेक पाकिटांवर नसतो. भक्तांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारणं सगळी भलतीच. नास्तिकांचा निष्कर्षच चुकलेला आहे. आणि खरं सांगू? मला जास्त राग या दुसऱ्यांचा येतो. कारण हे गणित त्यांना शिकवलेलं आहे. सेकंड इयरला. ज्या विषयात निम्म्या वर्गाला केटी लागायची, त्याच विषयात.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा वायरीवरून हे रामायण कशाला? सांगतो.

आपल्यातले कित्येक जण नोकरी लागल्यावर पहिली खरी गिटार घेतात. कॉलेजात मित्राची वाजवलेली असते, घरी "आधी डिग्री, मग काय ते" असं बजावलेलं असतं. हातात पगार आला की गिटार येते, मागोमाग ॲम्प, मग एखादं पेडल. आणि मग आवाज काही मनासारखा येत नाही. शनिवारी दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस म्हणतो, "सर, केबल चेंज करा, जमीन-अस्मानाचा फरक पडेल." सोमवारी ऑफिसातला सीनियर म्हणतो, "येडा झालास का? वायरने काय होतंय? रियाज कर." पहिला आठ हजार रुपये घेतो. दुसरा स्वतःच्या कानांवरचा विश्वास घेतो. कारण त्या मुलाला खरोखरच काहीतरी ऐकू आलेलं असतं. लांब केबल लावली की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतंय, हे त्याला कळलेलं असतं. पण ते का होतंय, हे दोघांपैकी एकजणही सांगत नाही.

तर आता ते का होतंय, ते बघू.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्यावरच्या केसाइतकी. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारच्या एका पिकअपमध्ये तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. इतके वेढे म्हटल्यावर इंडक्टन्स आलाच. या पिकअपचा तो दोन ते तीन हेन्री भरतो. लेस पॉलसारख्या गिटारवर जो दोन कॉइलचा हंबकर असतो, त्याचा चार-पाच, काहींचा त्याहूनही जास्त. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा राक्षसी आकडा आहे. आपल्या सर्किट बोर्डांवर मायक्रोहेन्रीत गोष्टी चालतात.

आता केबल बघा. मधोमध तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्याच्याभोवती तांब्याची जाळी, आणि सगळ्यावर रबर किंवा पीव्हीसी. म्हणजे दोन धातू आणि मध्ये इन्सुलेटर. याला बारावीच्या पुस्तकात काय म्हणतात? कपॅसिटर! गिटारची केबल म्हणजे लांबच लांब ताणलेला कपॅसिटर. एका मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरा. पिकोफॅरड हे कपॅसिटन्सचं फार बारीक एकक आहे, फॅरडचा दशलक्षांश आणि त्याचा पुन्हा दशलक्षांश. म्हणूनच आपण "हॅ, एवढंसं काय" म्हणून ते सोडून देतो.

पण इंडक्टर आणि कपॅसिटर एकत्र आले की काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. रेझोनन्स. आजोबांच्या रेडिओचं बटण फिरवलं की स्टेशन लागायचं, ते याच तत्त्वावर. गिटारमध्ये पिकअपची कॉइल आणि केबल मिळून तसंच ट्यून झालेलं सर्किट बनतं. एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला आवाजात उंचवटा येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरत जातं. उंचवटा कुठे येणार ते दोनच गोष्टी ठरवतात: कॉइलचा इंडक्टन्स, आणि कॉइल व केबल यांचा मिळून होणारा कपॅसिटन्स. दोघांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, दोन पायने गुणा, आणि एकला त्याने भागा. झालं!

गणित करूनच टाकू. इंडक्टन्स २.५ हेन्री, कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड, केबल मीटरला १०० पिकोफॅरडवाली.

३ मीटर केबल: सुमारे ५.० किलोहर्ट्झ
६ मीटर केबल: सुमारे ३.८ किलोहर्ट्झ
१० मीटर केबल: सुमारे ३.० किलोहर्ट्झ

घरात पलंगावर बसून वाजवताना उंचवटा पाच किलोहर्ट्झवर होता, आणि गणपतीच्या मांडवात स्टेजच्या दुसऱ्या टोकाला ॲम्प ठेवला तर तोच तीनवर आला. गिटार तीच, बोटं तीच, ॲम्पच्या खुंट्या तिथेच.

"तीन काय नि पाच काय, गिटारचा सूर तिथपर्यंत जातोच कुठे?" हा प्रश्न येणार, माहीत आहे. बरोबर आहे, २२ पडद्यांच्या गिटारचा सगळ्यात वरचा सूर १,१७५ हर्ट्झच्या आसपास संपतो. त्याच्या वर असतात ते उपस्वर. पण टोन म्हणजे तरी दुसरं काय असतं? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा असतो. तो किंचित सरकवला की जवारी खुलते. षड्ज तोच राहतो, उपस्वर बदलतात, आणि मैफलीचा नूर बदलतो. त्या दोऱ्याला कधी कोणी "दोरा तो दोरा" म्हणून हसलंय? गिटारची केबल ही त्या दोऱ्यासारखीच वाद्याचा भाग आहे. सूर बनवत नाही, उपस्वर ठरवते.

शिवाय तीन ते पाच किलोहर्ट्झ ही काही अडगळीची जागा नाही. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्ट्यात. आणि गिटारच्या ॲम्पमधले स्पीकर साधारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाहीत. सेलेस्चनचा व्हिंटेज ३० हा प्रसिद्ध स्पीकर घ्या, कंपनीच सांगते की त्याचा पल्ला ७० ते ५,००० हर्ट्झ. म्हणजे केबल जो फरक करते तो नेमका स्पीकर वाजवू शकतो अशा भागात, आणि कान सगळ्यात जास्त ऐकतो अशा भागात. याला 'मनाचे खेळ' म्हणायला भलतंच धैर्य लागतं.

अजून पटत नसेल तर बाजारातल्या तीन नावाजलेल्या केबल घेऊ. जपानी कॅनारेची जीएस-६ मीटरला १६० पिकोफॅरड. जपानीच मोगामीची २५२४ मीटरला १३०. जर्मन सॉमरची स्पिरिट एलएलएक्स मीटरला ५२. हे आकडे कंपन्यांनीच दिलेले आहेत. तिन्ही केबल उत्तम, तिन्हींवर लोक स्टुडिओत आणि स्टेजवर काम करतात. पण सहा मीटरचं गणित करा. वरच्याच पिकअपला सॉमर लावली तर उंचवटा पाच किलोहर्ट्झच्या जवळ. कॅनारे लावली तर ३.१ वर. लांबी एकच, दर्जा उत्तम, आवाज वेगळा! आता म्हणा, वायर ती वायर.

आता नास्तिक मंडळींचा हुकमी एक्का. तो नेहमी बाहेर येतो: "पण ते हायफायवाले डोळे बांधून चाचणी करतात तेव्हा कोणालाच फरक कळत नाही, त्याचं काय?"

खरं आहे. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलला आव्हान दिलं होतं. साध्या, चांगल्या केबलपेक्षा ही वेगळी ऐकू येते हे चाचणीत सिद्ध करा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. आपल्याकडे अंनिस चमत्कारवाल्यांना आव्हान देते ना, तसंच. ती चाचणी झालीच नाही आणि पैसे जागच्या जागी राहिले. मी या बाबतीत शंभर टक्के रँडीच्या बाजूने आहे.

पण ती स्पीकर केबल होती हो! स्पीकर केबल ज्या ॲम्प्लिफायरमधून निघते त्याचा आउटपुट इम्पिडन्स बहुधा एक ओहमच्याही आत असतो. त्याच्यापुढे हजार पिकोफॅरड म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. गिटारच्या पिकअपचं काय? २.५ हेन्रीची कॉइल चार किलोहर्ट्झला सुमारे ६३,००० ओहम इम्पिडन्स दाखवते. कुठे एक ओहम आणि कुठे ६३ हजार! एका सर्किटचं उत्तर दुसऱ्या सर्किटला चिकटवायचं आणि वर स्वतःला वैज्ञानिक दृष्टिकोनाचे म्हणवून घ्यायचं, हे काही झेपत नाही. ऑफिसात कोणी अशी कॉपी-पेस्ट केली तर कोड रिव्ह्यूमध्ये आपणच त्याची सालटी काढतो. इथे मात्र "शेवटी सगळ्या वायरी सारख्याच" हे वाक्य बिनतपासणीचं पास होतं. का? तर ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं म्हणून. विधान न तपासता मानणं ही अंधश्रद्धाच असते, मग ते विधान कितीही रूक्ष आणि इंजिनिअरी थाटाचं असो.

असो. एका पक्षाची झाली, आता दुसऱ्याची. केबल विकणाऱ्यांचे दावे एकेक करून घेऊ.

दावा १: "ऑक्सिजन-फ्री तांबं, त्यामुळे शुद्ध टोन." साधं विजेच्या कामाचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतं, ऑक्सिजन-फ्री ९९.९५ किंवा ९९.९९. विद्युतवाहकतेत फरक फार तर एखाद्या टक्क्याचा. सहा मीटर केबलच्या मधल्या तारेचा एकूण रेझिस्टन्स अर्धा-एक ओहम, आणि समोर ॲम्पचा इनपुट दहा लाख ओहमचा. अर्ध्या ओहमचा एक टक्का दहा लाखांत शोधा बरं. आणि गंमत ऐका. पिकअपमधल्या त्या बारीक तारेचा रेझिस्टन्स सहा हजार ओहमच्या आसपास असतो, त्यावरून तिची लांबी काढली तर एक किलोमीटरहून जास्त येते! सिग्नल एक किलोमीटर साध्या तांब्यातून आला, आणि शेवटच्या सहा मीटरला सोवळं पाहिजे?

दावा २: "सोन्याचा मुलामा दिलेले जॅक." सोनं विजेच्या बाबतीत तांब्या-चांदीपेक्षा थोडं कमीच वाहक. त्याचा गुण एकच, ते काळं पडत नाही. मुंबईच्या दमट हवेत हा गुण कामाचा आहे, खरखर कमी होते. पण खरखर न होणं म्हणजे टोन सुधारणं नाही. चांगला निकेलचा जॅक अधूनमधून पुसला तरी तेच काम होतं.

दावा ३: "बाणाच्या दिशेनेच जोडा." सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झचा. म्हणजे करंट सेकंदाला १६० हून जास्त वेळा दिशा बदलतो. जेवढा जातो तेवढाच परत येतो. त्याने कोणता बाण वाचायचा? काही केबलमध्ये आत दोन तारा असतात आणि बाहेरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला थोडाफार अर्थ आहे, तोही घरघरीपुरता. तांब्याला दिशा नसते.

दावा ४: "उच्च फ्रीक्वेन्सी तारेच्या पृष्ठभागावरून वाहतात, म्हणून खास विणकाम." याला स्किन इफेक्ट म्हणतात आणि तो खरा आहे, रेडिओ फ्रीक्वेन्सीला. तांब्यात २० किलोहर्ट्झला करंट पृष्ठभागापासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत शिरतो. गिटार केबलच्या मधल्या तारेची त्रिज्याच त्याहून कमी. म्हणजे ऐकू येणाऱ्या सगळ्या फ्रीक्वेन्सी पूर्ण तार वापरतात. अर्धं भौतिकशास्त्र सांगून पूर्ण किंमत घेण्याचा हा उत्तम नमुना.

दावा ५: "शंभर तास वाजवल्यावर केबल मुरते." लोणचं मुरतं. केबल नाही. शंभर तासांत सवय होते ती कानांना.

या पाच दाव्यांत कपॅसिटन्स हा शब्द एकदाही आला नाही, हे लक्षात आलं का? जी एक गोष्ट खरोखर टोन बदलते, तीच जाहिरातीत नाही. आणि का नाही, तेही उघड आहे. कपॅसिटन्स मोजता येतो. मोजता येणाऱ्या गोष्टीची तुलना होते. तुलना झाली की कळतं, हजाराची आणि दहा हजारांची केबल एकाच आकड्यावर उभ्या आहेत. 'ऑरगॅनिक'ची तुलना कशाशी करणार?

आता एक प्रयोग सांगतो. खर्च पाच-दहा रुपये. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जा आणि ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मागा. एका छोट्या डबीत दोन जॅकचे सॉकेट एकमेकांना जोडा, आणि हा कपॅसिटर एका साध्या स्विचमधून सिग्नल आणि अर्थ यांच्यामध्ये लावा. डबी दोन छोट्या केबलच्या मध्ये ठेवा, पुढे थेट ॲम्प. गिटारचा व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. मित्राला पाठ करून वाजवायला सांगा आणि तुम्ही स्विच वरखाली करा. मित्राने दर वेळी सांगायचं, चालू की बंद. वीस वेळा करा आणि लिहून ठेवा. ४७० पिकोफॅरड म्हणजे मध्यम केबलची जवळपास पाच मीटर जास्तीची लांबी. सिंगल कॉइलवर, स्वच्छ आवाजात, मित्राला फरक कळतो की नाही ते वहीच सांगेल. ना माझा शब्द मानायचा, ना दुकानदाराचा.

या प्रयोगात दोन्ही पक्षांना उत्तर आहे. नास्तिकांना हे, की फरक ऐकू येतो. भक्तांना हे, की दहा हजारांच्या केबलने जे केलं असतं ते पाच रुपयांच्या कपॅसिटरने करून दाखवलं.

आता आक्षेप घेऊ. मला सुचलेले तीन, बाकी तुम्ही सुचवा.

पहिला: "त्यापेक्षा टोनची खुंटी फिरवा की!" टोनच्या खुंटीमागे २२ किंवा ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो, केबलच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याच्यासोबत रेझिस्टन्स. खुंटी थोडी फिरवली की उंचवटा जागेवरून फारसा हलत नाही, तो चपटा होतो. केबल उंचवटा सरकवते, खुंटी तो दाबते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा: "पण पूर्ण बँड वाजत असताना कोणाला कळणार?" प्रेक्षकांना बहुधा नाही. पण वाजवणाऱ्याला कळतं आणि तो त्याप्रमाणे हात बदलतो, पिक आपटत राहतो. शिवाय ॲम्पचा ट्रेबल थोडा वाढवून बराचसा फरक भरून काढता येतो, हेही मान्य. म्हणूनच मी नवी केबल घ्या असं म्हणतच नाहीये. एखाद्या मीटरच्या फरकासाठी तर मुळीच नको.

तिसरा, आणि हा खरोखर महत्त्वाचा: "मला तर काहीच फरक कळत नाही." शक्य आहे, आणि त्याचंही कारण आहे. तुमच्या गिटारमध्ये ॲक्टिव्ह पिकअप असतील, म्हणजे बॅटरीवाले, तर आत आधीच एक छोटा ॲम्प्लिफायर बसलेला आहे. किंवा गिटारनंतर लगेच असं पेडल असेल ज्यात बफर आहे, उदाहरणार्थ बॉसची बहुतेक पेडलं, जी बंद असतानाही बफर चालू ठेवतात. बफरचा आउटपुट एक किलोओहम धरा आणि पुढे १,००० पिकोफॅरडची केबल जोडा. कट-ऑफ येतो १५९ किलोहर्ट्झवर. तो वटवाघळाच्या कामाचा, आपल्या नाही. म्हणजे पहिल्या बफरनंतरच्या केबलला, कीबोर्डच्या केबलला, प्रोसेसरमधून मिक्सरला जाणाऱ्या केबलला टोनच्या दृष्टीने काही अर्थ नाही. तिथे नास्तिक बरोबर. घरी गिटार तीन मीटरच्या केबलने थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये घालत असाल तर प्रश्न तिथेच संपतो, कारण इंटरफेसचा गिटार इनपुट हा स्वतःच बफर असतो.

जाता जाता एक विनोद. 'शुद्ध टोन' हवा म्हणून लोक सगळी पेडलं ट्रू बायपास घेतात, म्हणजे बंद केली की नुसती वायर उरते. सहा मीटर केबल, दहा पेडलांमधल्या छोट्या वायरी मिळून दीड मीटर, पुढे ॲम्पपर्यंत आणखी सहा मीटर. सगळं बंद असताना पिकअपच्या डोक्यावर साडेतेरा मीटर! उंचवटा पाचवरून थेट २.६ किलोहर्ट्झवर. शुद्धतेच्या नादात ट्रेबलचं श्राद्ध घातलं. सुरुवातीला एक बफर लावला असता तर हे घडलंच नसतं. मग काही जण पुढे वायरलेस घेतात आणि "आवाज फार टोकदार झाला" म्हणतात. साहजिकच आहे, केबल गेली! म्हणूनच काही वायरलेस सिस्टिममध्ये 'केबल टोन' नावाची सोय असते. केबलने टोन बदलत नसता तर केबलची नक्कल करणारं बटण त्यांनी कशाला दिलं असतं?

आणि कमी कपॅसिटन्स म्हणजे चांगलंच, असंही नाही. जिमी हेंड्रिक्सच्या फोटोंत टेलिफोनसारखी गुंडाळीची केबल दिसते. गुंडाळी उलगडली तर तार लांबच लांब, कपॅसिटन्स भरपूर. स्ट्रॅटोकास्टरचा चरचरीतपणा ती केबल बऱ्यापैकी खाऊन टाकत असणार. आपण त्या आवाजाला नावं ठेवत नाही. कोणाला पाच किलोहर्ट्झ आवडेल, कोणाला तीन. फक्त एक लक्षात ठेवा: कमी कपॅसिटन्सच्या केबलला कपॅसिटर लावून आकडा वाढवता येतो. जास्तीच्या केबलमधून तो काढून घेता येत नाही.

मग दुकानात काय करायचं? एकच प्रश्न विचारायचा: "मीटरला किती पिकोफॅरड?" काही कंपन्या हा आकडा छापतात, त्यांना माझा नमस्कार. ज्या छापत नाहीत त्यांची केबल घ्यायची असेल तर कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर सोबत न्या. केबलचं एक टोक मोकळं ठेवा, दुसऱ्या टोकाला जॅकचं टोक आणि दांडा यांना मीटरच्या दोन तारा लावा, आलेला आकडा लांबीने भागा. असा मीटर त्या सोनेरी केबलपेक्षा बराच स्वस्त येतो, आणि तो 'ऑरगॅनिक' वगैरे काही बोलत नाही.

त्याशिवाय पैसे द्यावेत असं केबलमध्ये काय असतं? दाट जाळी, म्हणजे ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर आत शिरत नाही. जॅकपाशी पक्की पकड आणि नीट सोल्डर, म्हणजे पाय पडल्यावर ऐन कार्यक्रमात प्राण सोडत नाही. मधल्या प्लास्टिकवर कार्बनचा वाहक थर, म्हणजे केबल हलली की ठकठक येत नाही. या गोष्टींसाठी दोनाचे तीन हजार झाले तरी देईन, आनंदाने देईन. पण त्याला मजबुती म्हणायचं, टोन म्हणायचं नाही.

आणि आपल्या इंजिनिअर बंधुभगिनींना एकच विनंती. पुढच्या वेळी एखादा नवखा पोरगा "लांब केबलने आवाज मंद होतोय का हो?" म्हणून विचारेल, तेव्हा हसू नका. त्याच्या कानांनी बरोबर मोजमाप केलेलं आहे. कागद घ्या, एल लिहा, सी लिहा, वर्गमूळ काढा. दोन मिनिटांचं काम आहे. त्याचे आठ हजार वाचतील, आणि चार वर्षं भरलेल्या फीचं कुठेतरी चीज होईल.